डबा, लोकल आणि दोन स्टेंट : ‘जीवनशैलीचा आजार’ यात आपली निवड किती?

सोनचाफा | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

मागच्या बुधवारी माझ्या धाकट्या भावाला हार्ट अटॅक आला. वय ४३. रात्री अडीचला छातीत जळजळतंय, जबडा दुखतोय म्हणाला. पित्त असेल म्हणून गोळी घेतली, थंड दूध प्यायला आणि पहाटे पाचपर्यंत पलंगावर बसून राहिला. घामानं बनियन पिळून काढावा इतका ओला झाला, तेव्हा वहिनीनं शेजाऱ्यांना उठवलं. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट घातले. आता धोका टळलाय.

दुसऱ्या दिवशी राउंडला आलेले डॉक्टर फाइल चाळत म्हणाले, “लाइफस्टाइल डिसीज आहे हा. सवयी बदला.” आणि पुढच्या खाटेकडे गेले. वहिनी तिथेच रडायला लागली. मला बाजूला घेऊन म्हणाली, “म्हणजे माझ्या डब्यानं झालं का हो, ताई?”

त्याचा दिवस सांगते. राहायला बदलापूर, ऑफिस लोअर परळला, हिशेबाचं काम. पहाटे पाचला उठतो, सव्वासहाची लोकल. दादरला बदलायचं. नऊ ते साडेसहा खुर्चीत. घरी यायला नऊ, जेवायला दहा, झोपायला बारा. ऑफिसखालच्या टपरीवर चहाबरोबर दिवसाला दोन सिगारेटी. दारू नाही. पोट सुटलेलं, पण जाडा म्हणता येणार नाही. आमच्या वडिलांना ५२व्या वर्षी अटॅक आला होता.

आणि डबा. चार पोळ्या आणि बहुतेक दिवस बटाट्याची नाहीतर सुरणाची सुकी भाजी. कारण एकच, पातळ भाजी गर्दीत सांडते. एकदा सांडली होती, लोकलमधल्या एका माणसाच्या पांढऱ्या शर्टावर. त्या दिवशी खूप ऐकून घ्यावं लागलं त्याला. तेव्हापासून वहिनी रस्सा देतच नाही.

यातलं त्यानं ‘निवडलेलं’ काय आणि गळ्यात पडलेलं काय? आणि आता पहिल्यांदा बदलायचं काय? मनापासून विचारतेय.

---

फलाट_क्रमांक_४ | सोमवार, रात्री ११:१५

भाऊ लवकर बरे होवोत. वहिनींना सांगा, डब्यानं काही झालं नाही.

पहिल्यांदा सिगारेट. बाकी सगळं नंतर.

---

निवृत्त_वैद्य | मंगळवार, सकाळी ६:४०

सोनचाफाताई, ३६ वर्षं प्रॅक्टिस केली, त्या जोरावर चार गोष्टी सांगतो.

रक्तवाहिनीतला थर एका रात्रीत साचत नाही. विशी-पंचविशीपासून आतल्या अस्तरात चरबी झिरपत असते, तिथे सूज धरते, वर पापुद्रा येतो. एके दिवशी तो पापुद्रा फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. सिगारेट, रक्तदाब, वाढलेली साखर हे तिघेही त्या अस्तरालाच इजा करतात. हे आपल्याला कळलं ते अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावामुळे. १९४८ साली तिथल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची तपासणी सुरू झाली आणि पुढे अनेक दशकं त्याच माणसांवर लक्ष ठेवलं गेलं. त्याआधी वयाप्रमाणे रक्तदाब वाढायचाच, असं भलेभले डॉक्टरही मानत.

‘फक्त दोन सिगारेटी’ हे मी हजारदा ऐकलंय. फुप्फुसाच्या कॅन्सरला किती ओढता याचा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. हृदयाचं तसं नाही. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा निघाला. वीसावा हिस्सा नव्हे, निम्मा. तेव्हा कमी करण्यात अर्थ नाही, सोडायलाच हवी.

आणि सोडली की फळ मिळतं, हेही तितकंच खरं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१पासून ५० वर्षं पाठपुरावा झाला. ओढत राहणारे सरासरी १० वर्षं लवकर गेले. चाळिशीत सोडणाऱ्यांनी त्यातली ९ वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी ६, साठीत सोडणाऱ्यांनीही ३. तुमचा भाऊ ४३चा आहे. त्याला हा आकडा नक्की सांगा.

वडिलांना ५५च्या आत अटॅक येणं हा स्वतंत्र धोका आहे, तो काही त्यानं निवडलेला नाही. तुम्हीही तुमची तपासणी करून घ्या. बहिणी हे विसरतात.

एक फार महत्त्वाचं. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. दात काढायचा म्हणून, पोटात जळजळतं म्हणून परस्पर गोळ्या थांबवलेले आणि स्टेंट बंद पडून परत आलेले पेशंट मी पाहिलेत.

---

सोनचाफा | मंगळवार, सकाळी ९:०५

डॉक्टरकाका, खूप आभार. गोळ्यांचं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावायला सांगितलंय. माझी तपासणी शनिवारी करते.

---

घंटी_दोनदा | मंगळवार, दुपारी १:२०

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, ३१ वर्षं. खुर्चीत बसण्याबद्दल लिहितो, कारण ते मी रोज समोर पाहिलंय.

आमच्यात ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकच धूर, एकच ट्रॅफिक, एकाच कॅन्टीनचा चहा. पण पन्नाशीला आलो की फरक दिसायचा. ड्रायव्हरची कंबर गेलेली, पोट स्टिअरिंगला लागलेलं, त्यात लघवी तुंबवून ठेवायची सवय. आम्हा कंडक्टर लोकांचे पाय सुजायचे, टाचा दुखायच्या, पण अंगानं आम्ही हलके. रिटायर झाल्यावर दर महिन्याला कोणाची ना कोणाची बातमी येते. मी मोजलेलं नाही, पण ड्रायव्हर मंडळींची जास्त आली असं वाटतं.

---

निवृत्त_वैद्य | मंगळवार, दुपारी ३:००

घंटीकाका, तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंत त्यावरच जगातला एक गाजलेला अभ्यास आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं लंडनच्या डबलडेकर बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासले. १९५३ साली ते छापून आलं. कंडक्टर दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढायचे. त्यांच्यात हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी आणि आला तरी उशिरा. पोस्टमन आणि पोस्टातले कारकून यांच्यातही तसंच दिसलं. बसून राहण्याचा आणि हृदयाचा संबंध तिथून लोकांना पटायला लागला.

---

घंटी_दोनदा | मंगळवार, दुपारी ३:४५

वाचून अंगावर काटा आला. पण डॉक्टरसाहेब, एक दुरुस्ती करू का? आमच्या डबलडेकरवर कंडक्टर दोन असायचे, एक खाली, एक वर. त्यामुळे लंडनवाल्यांएवढ्या पायऱ्या आमच्या नशिबी नव्हत्या. आम्ही दिवसभर उभे, एक हात दांडीला, दुसऱ्यात तिकिटं आणि पंच, आणि गर्दीतून अंग चोरत पुढे-मागे. २०२३च्या सप्टेंबरमध्ये शेवटची जुनी लाल डबलडेकर बंद झाली, तेव्हा बघायला गेलो होतो. वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत जाऊन बसलो. ३१ वर्षांत पहिल्यांदाच.

---

शंका_असते | मंगळवार, सायंकाळी ७:१०

एक मुद्दा राहतोय. आधीच स्थूल असलेली माणसं ड्रायव्हर होत असतील आणि चपळ माणसं कंडक्टर, असं का नसावं? मग खुर्चीचा दोष किती आणि मुळातल्या शरीराचा किती?

---

निवृत्त_वैद्य | मंगळवार, रात्री ८:३०

शंका रास्त आहे, आणि मॉरिसलाही ती आली होती. त्याच्या गटानं १९५६ साली बसवाल्यांच्या गणवेशाची मापं मिळवली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला जास्त रुंद, आणि नव्यानं भरती झालेल्या तरुणांतही हा फरक होताच. म्हणजे तुमचं म्हणणं काही अंशी बरोबर. पण पुढे इतरांनी स्थूलपणा, सिगारेट, रक्तदाब सगळं जमेस धरून तपासलं, तरी हालचालीचा फायदा उरतोच. आता त्याबद्दल वाद राहिलेला नाही.

---

स्पष्ट_बोलू_का | मंगळवार, रात्री ९:५०

कोणाला वाईट वाटलं तर माफ करा. ‘निवड नव्हती’ हा सूर मला पटत नाही. सगळं परिस्थितीवर ढकललं की माणूस हातपाय हलवत नाही. मी डोंबिवलीचा, तीच गर्दी, तीच खुर्ची. चार वर्षांपूर्वी साखर १६८ निघाली, उपाशीपोटी. त्याच आठवड्यात वडापाव, बिस्किटं, चहातली साखर बंद केली. ठाण्याला उतरून पुढची गाडी येईपर्यंत फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. १४ किलो उतरले. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ८.१ होतं, आता ६ आहे. मी करू शकतो तर कोणीही करू शकतो.

---

रातपाळी | बुधवार, पहाटे ४:१०

दादा, तुमचं मनापासून अभिनंदन. १४ किलो ही चेष्टा नाही. पण एक विचारते. तुमचा डबा कोण करतं?

मी नर्स आहे, आत्ता ड्युटीवर. महिन्यातल्या दहा-बारा रात्री अशाच. पहाटे तीनला अंगातली साखर खाली येते तसं काहीतरी गोड, खारट, कुरकुरीत हवंसं वाटतं. आमच्या पॅन्ट्रीत त्या वेळी फक्त चहा, खारी आणि ग्लुकोजची बिस्किटं असतात. घरी जाऊन झोपायचं तर चाळीत सकाळी नऊला पाणी येतं, भांडी वाजतात, मुलाची शाळेची व्हॅन येते. पाच तास सलग झोप मला आठवत नाही. २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं रातपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. झोप मोडली की भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात आणि इन्सुलिन नीट काम करत नाही, हे आम्ही शिकलोय. पेशंटना समजावतोही. आणि मग तीनला खारी खातो.

मी हे काम सोडायचं का? मग रात्री तुमच्या माणसांकडे कोण बघणार?

---

स्पष्ट_बोलू_का | बुधवार, सकाळी ८:२५

ताई, तुमच्या प्रश्नावर लोकलमध्ये बसून विचार केला. डबा बायको करते. माझ्यासाठी ज्वारीची भाकरी वेगळी, मुलांना पोळ्या वेगळ्या, मोड आलेलं कडधान्य रोज. त्यासाठी ती पाऊण तास आधी, पावणेपाचला उठते. चार वर्षं. माझ्या १४ किलोंत तिची झोप आहे हे मी कधी बोललो नव्हतो. आज संध्याकाळी बोलणार आहे. ‘कोणीही करू शकतो’ हे वाक्य मागे घेतो. बाकीच्यावर ठाम आहे.

---

चिऊताई_ठाणे | बुधवार, सकाळी ९:००

स्पष्टदादा, नुसतं बोलू नका, रविवारी भाकऱ्या तुम्ही थापा. पहिल्या चार भाकऱ्यांचे नकाशे होतील, पाचवी गोल येते. आमच्याकडे अनुभव आहे :)

---

टाइप१ची_आई | बुधवार, दुपारी २:३०

शीर्षक वाचून धागा उघडू की नको असं झालं होतं. तरी लिहिते.

माझ्या मुलीला सातव्या वर्षी डायबिटीस झाला. टाइप वन. आता ११ वर्षांची आहे. दिवसाला चार इंजेक्शनं. बिल्डिंगमध्ये कळल्यावर पहिलं वाक्य ऐकलं ते, “चॉकलेटं फार द्यायचात का?” दुसरं, “मोबाइल बघत जेवायची ना?” एका नातेवाईक बाईंनी तर माझ्या गरोदरपणातल्या आंब्यांचा हिशेब मांडला.

टाइप वन खाण्यानं होत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. पुरणपोळी खाल्ली म्हणून नाही, व्यायाम केला नाही म्हणून नाही. पण ‘मधुमेह म्हणजे जीवनशैलीचा आजार’ हे इतकं डोक्यात बसलंय, की शाळेत तिला इंजेक्शन घ्यायला बाथरूममध्ये जा असं सांगितलं गेलं. इतर मुलं घाबरतील म्हणून. सात वर्षांच्या पोरीला वाटायला लागलं की आपण काहीतरी वाईट केलंय.

तुमच्या वहिनींचं ते वाक्य वाचलं आणि मला माझेच दिवस आठवले. ज्या घरात आजार येतो तिथल्या बाईकडेच पहिलं बोट जातं. तिला जवळ घ्या, ताई.

---

सोनचाफा | बुधवार, दुपारी ३:१५

तुमचा प्रतिसाद वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवला. काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या मुलीचं नाव विचारा, देवापुढे दिवा लावते.

---

गिरणगाव_लालबाग | बुधवार, रात्री १०:००

निवडीबद्दल माझंही सांगतो.

वडील गिरणीत, स्पिनिंग खात्यात. आत विडी ओढायला बंदी, कापूस पेटेल म्हणून. पण पाळी तर आठ तासांची, कानठळ्या बसवणारा आवाज, नाकातोंडात तंतू. मग सगळे तंबाखू-चुना मळायचे. खालच्या ओठात बार भरला की पाळी संपेपर्यंत भूकही लागत नाही, असं ते सांगायचे. खानावळीचे पैसे वाचायचे. १९८२चा संप झाला, गिरणी गेली, ते वॉचमन झाले, बार तोच राहिला. ५८व्या वर्षी ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसला. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा काढला. पुढे सहा वर्षं जगले, पातळ पेज आणि ताक यांवर.

आता माझा पुतण्या, वय २४, डिलिव्हरीचं काम. दिवसभर बाइकवर, जेवायला वेळ नाही, तोंडात गुटखा. आपल्या राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, पण त्याला कधी कमी पडला नाही. मागच्या गणपतीत आरतीनंतर मोदक खाताना बघितलं, तर मोदक चिमटीनं मोडून आत सरकवत होता. तोंड उघडायला लावलं. माझी तीन बोटं उभी आत जायला हवीत, दीडच गेली. सुपारीनं गालाच्या आतलं कातडं दोरीसारखं ताठ होतं. २३-२४ वर्षांच्या पोराचं हे. सुपारी एकटी, तंबाखूशिवायही कॅन्सर करते, हे टाटाच्या डॉक्टरांकडूनच कळलं. मसाला सुपारी, ‘साधा’ पानमसाला पोरांच्या हातात देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

माझ्या बापानं भूक मारायला खाल्ली, पुतण्या झोप मारायला खातो. त्याला मी रागावतो, रोज रागावतो. पण त्याच्या रोजच्या बारा तासांबद्दल कोणावर रागावू?

तंबाखू सोडायचीय त्यांच्यासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट. पुतण्यानं माझ्यासमोर फोन केला. आज २३वा दिवस.

---

फलाट_क्रमांक_४ | बुधवार, रात्री १०:२०

२३ दिवस! पुतण्याला सांगा, आम्ही सगळे मोजतोय.

---

निवृत्त_वैद्य | गुरुवार, सकाळी ६:३०

गिरणगावकर, तुमच्या प्रश्नाला धरूनच एक सांगतो.

लंडनमध्ये १९६७पासून सुमारे १८ हजार सरकारी नोकर पुरुषांचा अभ्यास झाला, व्हाइटहॉल नावानं ओळखतात. म्हणजे आपल्या मंत्रालयासारखं समजा, सचिवांपासून शिपायांपर्यंत. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना सरकारी दवाखाना. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण वरच्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. लोक म्हणाले, शिपाई सिगारेट जास्त ओढतात. ओढत होतेच. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उंची, साखर सगळं वजा केलं तरी निम्म्याहून जास्त फरक उरला. स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा नसणं हेही शरीराला झिजवतं, असं त्याच मालिकेतल्या पुढच्या अभ्यासातून दिसलं.

मी तरुण असताना पेशंटना फार बोललो. “तुम्हीच करून घेतलंत” हे वाक्य कितीदा तोंडून गेलं असेल. आज त्याचं वाईट वाटतं. ज्यांना बोललो ते पुन्हा आलेच नाहीत, आणि आले तेव्हा उशीर झालेला होता.

---

बारीक_पण | गुरुवार, दुपारी १२:४०

ताईंनी लिहिलंय, ‘पोट सुटलेलं पण जाडा नाही’. हे तर आपल्या सगळ्यांचंच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचा. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५. आपली बाळं हाडांनी, स्नायूंनी बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि त्यांच्या ब्रिटिश मित्र डॉक्टरचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) एकच, २२.३. ब्रिटिशाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, यांच्या २१.२. आणि आपण आरशात बघून ‘मी बारीक आहे’ म्हणतो.

म्हणून आपल्यासाठी कमरेचा घेर मोजायचा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. घरात शिवणकामाची टेप असतेच.

आईच्या पोटात असतानाच याची सुरुवात होत असेल, तर ‘तुमची जीवनशैली’ यातलं ‘तुमची’ कोण?

---

शंका_असते | गुरुवार, दुपारी १:०५

मोजलं. ९७. ऑफिसात टेप फिरतेय, जेवणाच्या सुट्टीत सगळा मजला गप्प झालाय.

---

सुई_टोचते | गुरुवार, रात्री ९:३०

मी दादरच्या एका लॅबमध्ये रक्त घेते. सकाळी सात ते दहा रांग असते. दहा वर्षांपूर्वी रांगेत साठीची मंडळी असायची. आता गळ्यात ऑफिसचं आयकार्ड घातलेली तिशीतली मुलं. २०२३मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीचे आकडे आले. १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर.

मला उंबरठ्यावरच्यांशी बोलायचंय. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आलं की लोक कागद घडी करून खिशात घालतात, ‘शुगर नाही ना’ म्हणून सुटतात. इथेच तर सगळं करण्यासारखं असतं. चेन्नईच्या डॉक्टरांनी अशाच लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली आला. आहार आणि चालणं एवढ्यावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८ टक्क्यांच्या आसपास कमी झाला. मधुमेहाच्या गोळीनंही जवळपास तेवढाच. अमेरिकेत तर ५८ टक्के झाला होता. कोणी जिम लावली नव्हती. जोरात चालणं, तेही रोज अर्धा तास.

---

चिऊताई_ठाणे | गुरुवार, रात्री १०:१०

अवांतर, पण मिठाचा एक सोपा हिशेब देते. आम्ही घरात केला आणि हादरलो.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. चार माणसांचं घर, तीस दिवस, झाले ६०० ग्रॅम. आता आठवा, किलोची पिशवी किती दिवस पुरते? आमची २६ दिवसांत संपत होती. म्हणजे माणशी साडेनऊ ग्रॅम, आणि यात बाहेरचं फरसाण, पाव, वेफर्स धरलेलेच नाहीत. सासऱ्यांची बीपीची गोळी वाढत का चालली होती ते कळलं. पिशवीवर मार्करनं तारीख लिहायला लागलो. कणकेतलं मीठ बंद केलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. लोणचं ठेवलंय, पापड रविवारी. आता पिशवी ४१ दिवस जाते.

---

घंटी_दोनदा | शुक्रवार, सकाळी ७:००

पोळीतलं मीठ बंद, हे आजच सांगतो घरात.

---

सोनचाफा | शनिवार, रात्री ९:४०

काल भाऊ घरी आला. सगळा धागा त्यानं स्वतः वाचला, दोन तास लागले. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहिते:

“सिगारेट माझी होती. ती मी निवडली होती, कोणी तोंडात घातली नव्हती. ती सुटली. बाकीचं थोडं माझं, थोडं लोकलचं, थोडं बाबांचं. पण हिचं नाही.” आणि हे तो वहिनीच्या समोर म्हणाला.

डॉक्टरकाका, ४०व्या वर्षी सोडली तर ९ वर्षं, हा आकडा त्यानं हातावर पेनानं लिहून ठेवलाय. ४३ला किती, हे विचारत होता. ऑफिसला दोन दिवस घरून काम मागणार आहे, देतील की नाही माहीत नाही. दिले तर आठवड्याला दहा तास प्रवासाचे वाचतील, त्यातले तीन झोपेला आणि तीन चालायला, असं वहीत मांडलंय. हिशेबनीस माणूस. माझा रिपोर्टही आला, एचबीएवनसी ६.१. सुईताई, मी कागदाची घडी घातलेली नाही.

आता वहिनीचा प्रश्न. तिला मुगाची, मटकीची उसळ, पातळ आमटी, पालेभाजी द्यायचीय डब्यात. पण गर्दीत सांडायला नको. असा डबा मिळतो का कुठे?

---

निवृत्त_वैद्य | शनिवार, रात्री १०:०५

४३ला साधारण आठ. पण आधी अटॅक येऊन गेलाय, म्हणून चालणं हळूहळू वाढवायचं, डॉक्टर सांगतील तसं. जिना भराभर चढू नका सध्या.

---

घंटी_दोनदा | शनिवार, रात्री १०:३०

वहिनींना सांगा, स्टीलचा, फिरकीच्या झाकणाचा घ्या. झाकणाच्या आत रबराची रिंग असते, ती रोज काढून धुवायची, नाहीतर वास धरते आणि सैल पडते. दादर स्टेशनच्या पश्चिमेला भांड्यांच्या दुकानांत मिळतो. घेताना दुकानदाराला पाणी भरून उलटा धरायला लावा, मी कायम तसाच घेतला. ३१ वर्षं गर्दीत आमटी नेली, कोणाच्या शर्टावर थेंब पडला नाही.

---

रातपाळी | रविवार, पहाटे ३:२०

काका, छोटा मिळतो का हो तो, एका वाटीचा? खारीऐवजी उसळ आणायचा विचार आहे.

---

घंटी_दोनदा | रविवार, सकाळी ६:१५

मिळतो. बुधवारी दादरला जाणारच आहे, बघून ठेवतो.